तीन बकलं

सकाळी आठला देवबागच्या वाळूवर
मी जाकिटं उलटी करून वाळत घालते.
कालचं मीठ, कालच्या कुणाचं तरी अत्तर,
काखेत अडकलेला चिंगमचा कागद.
झटकते, आणि मोजते:
सत्तावीस जाकिटं, एक्याऐंशी बकलं.
त्यातल्या एकाचा दात मोडलाय.
मालक म्हणाला, "चलता गो, दोरी बांध."
मी बांधली नाही.
त्या जाकिटावर आता पास्कोलची मांजर झोपते,
ती कुठे बुडणार आहे.

साडेनऊला इचलकरंजीची गाडी आली.
अकरा माणसं, एक केक, दोन कलिंगडं,
आणि भूपाल. यंत्रमागाच्या रात्रपाळ्यांनी कान बधिर झालेला,
समुद्राशीही ओरडूनच बोलणारा.
"मला कशाला जाकीट?
चाळीस फुटावरनं मुटका मारतोय मी विहिरीत!"
खरं असेल. खांदे तसेच होते.
विहिरीचं पाणी, म्हटलं, आपली वाट बघत बसलेलं असतं.
हे कुठेतरी निघालेलं असतं.

तिकडे बघा, पांढरं फेसाळतंय, भीती वाटते ना?
ती लाट आपटते, नाकात पाणी घालते,
पण काठावर आणून टाकते.
आणि त्या दोन फेसांच्या मधे
सारवून ठेवल्यासारखी गुळगुळीत पट्टी,
पोरं तिथेच उतरतात, म्हणतात इथे शांत आहे.
ती पाण्याची परत जायची वाट.
सापडलात तिच्यात, तर काठाकडे हात मारू नका.
काठावर बायको उभी असेल, लेक हाका मारत असेल,
तरी तिकडे नाही.
आडवं जायचं, त्या सुरूच्या झाडांच्या अंगानं,
जिथे आपलं कुणीच उभं नाही.
दमलात तर पाठीवर पडा, एक हात वर करा.

मी स्वतः चौतिसाव्या वर्षी पोहायला शिकले.
आईचं लुगडं गुडघ्यावर कधी भिजलं नाही.
बांगड्याची पाटी घेऊन ती मालवणच्या बाजारात
समुद्राकडे पाठ करून बसायची.
आबा रापणीवर. दोर ओढून तळव्यांना घट्टे,
पण पोहणं नाही. विचारलं तर म्हणायचे,
"पोवाक येता त्याका मराक येळ लागता."
तो येळच तर बांधते मी, आबा,
दिसेल त्याच्या छातीला.

भूपालची तिन्ही बकलं मीच लावली.
पाठ फिरताच त्यानं तिसरं सोडलं, पोटाला काचतं म्हणून.

बनाना शेवटी उलटवतात. ते पैशांतच धरलेलं असतं.
पास्कोलनं होडी वळवली, सगळे पाण्यात.
पाच डोकी टपाटप वर आली, किंचाळत, हसत.
सहावा आला तो जाकिटात बुडालेला,
जाकीट कानांपर्यंत, हात आभाळाकडे,
तोंडातून आवाज नाही.
भूपालचा आवाज नसणं
मला काठावरून ऐकू आलं.
शिट्टी ओठांशी जाईतो पास्कोलनं त्याला खांद्याला धरून वर घेतला.
चार सेकंद असतील.

तो वाळूत बसून राहिला. कलिंगड खाल्लं नाही.
दुपारी खाडीच्या बाजूला त्याची लेक सन्मती
कयाकमध्ये बसायला निघाली,
तर त्यानं मला हात लावू दिला नाही.
गुडघ्यांवर बसला. एक. दोन. तीन.
मग दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर ओढून पाहिलं,
मी पाहते तसं.
"काय बघतोयस, पप्पा?"
"काय नाही. विहीर नव्हं ही."
पहिल्यांदाच हळू बोलला.

चार वाजता सुकती लागली. लाल झेंडा लावला.
एका जोडप्यानं वाद घातला, फोटोपुरतं गुडघाभर तरी.
नाही म्हटलं.
परत नाही म्हटलं.
जाकिटं गोळा केली. सव्वीस.
सत्ताविसाव्यावरची मांजर
कूस बदलून पुन्हा झोपली.